डावीकडचा दिवा

पुतण्याने नवा गेम लावला तेव्हा मी पडवीत जाळं सांधत होतो.
"काकानू, जुनी स्टेजां परत इली.
पयल्या भागातली, दुसऱ्यातली, सगळी."
मी मान वर केली नाही.
मग आवाज आला, लाकडी फळ्यांवरच्या पावलांचा,
त्यामागे ती चार सुरांची धून,
अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी,
आणि सुई हातातच राहिली.

बंदर.

वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यामागे,
बावतीसच्या खोलीत एकच मशीन होतं.
पडद्याचा डावा तिसरा हिस्सा जळलेला,
शेवाळी हिरवा, त्यात काही म्हणजे काही दिसायचं नाही.
जॉयस्टिकचा गोळा कधीच हरवला होता,
त्या जागी जाळ्याचा बोया ठोकलेला.
जिंकलो तरी तळहाताला बांगड्याचा वास.

मोऱ्या कुबल नेहमी डावीकडून खेळायचा.
"माका डावी बाजू होयी," म्हणायचा
आणि त्या हिरव्यात शिरून बसायचा.
तिथून नुसता पाय यायचा, नाहीतर मूठ.
मी अंदाजाने मारायचो.
मागे पेट्यांवर बसलेला एक जाडा माणूस
कोणीही पडलं तरी दोन्ही हात वर करायचा.
त्याला तेवढंच येत होतं.
रुपये संपले की बावतीस स्टुलावरून ओरडायचा,
"बंदर बंद! घराक जावा!"

आता पाणी हलतंय.
फळ्या ओल्या आहेत, त्यांत लढणारे उलटे दिसतात.
जाड्याला कोणीतरी चेहरा दिलाय,
दाढीचे खुंट, एका कानात डूल.
पेट्यांतल्या मासळीला खवलं आलीत.
मी मासा ओळखून बघितला. आपल्याकडचा नाही.
कुत्रं होतं एक, ते काढून टाकलंय, का कोण जाणे.
दोरांच्या गाठी मात्र अजून चुकीच्याच.
त्या गाठीवर होडी एक भरती टिकायची नाही.

आणि डावीकडे, हिरवं होतं तिथे,
दिवा आहे.
लोखंडी खांब, वर काच, खाली पिवळं रिंगण.
"ह्यो नवीन घातलो?" मी विचारलं.
"नाय ओ, पयल्यापासून आसा,"
आणि त्याने फोनवर जुनं चित्र काढून दाखवलं.
होता.
म्हणजे मोऱ्या तेवढी सगळी वर्षं उजेडात उभा होता
आणि मी अंधार समजून मारत होतो.

त्याने पर्ससीनमध्ये भागी घेतली त्याला सात वर्षं झाली.
आम्ही रापणवाले.
खऱ्या जेटीवर, रात्री साडेनऊला,
मी त्याच्या होडीच्या दोरावर कोयता ठेवला.
कापला नाही. ठेवला, एवढंच.
दोन्हीकडची माणसं पेट्यांवर बसून बघत होती.
कुणी हात वर केले नाहीत.
त्याच्या तोंडावर सावली होती की मीच बघितलं नाही,
ते आता सांगता येत नाही.
तेव्हापासून बोलणं नाही.
त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली,
चार घरं टाकून, पोस्टाने.

"काकानू, खेळतालास?"
कंट्रोलर हातात घेतला. त्याला कसलाच वास नव्हता.
बाजू विचारली त्याने.
मी आयुष्यात पहिल्यांदा डावी मागितली,
दिव्याखाली जाऊन उभा राहिलो
आणि तिथून उजवीकडे बघितलं.
तिथून माझी जागा केवढी स्वच्छ दिसते.
उगारलेला हात दिसतो, हातामागचा खांदा दिसतो,
खांद्याआधी घाबरलेला पायसुद्धा.

"काकानू, बटन दाबा मरे!"

पहिली फेरी मी काही न करता हरलो.
जाड्याने दोन्ही हात वर केले.