आठांपैकी तीन

पहाटे साडेपाचला आल्तिनोच्या टेकडीवर
पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडते.
आत दोन पारे. एक कोरडा,
दुसरा ओल्या मलमलीत पाय गुंडाळून बसलेला.
काल दोघांत चार अंशांचं भांडण होतं,
आज दीड.
जानेवारीत एवढा सलोखा बरा नसतो.

मग मान वर करून मोजायचं.
आकाशाचे आम्ही आठ वाटे करतो,
भावकीत शेत वाटावं तसे,
आणि बघतो, ढगानं किती दाबले.
आठांपैकी तीन.
काबोच्या टोकापलीकडे, पिंजून ठेवलेले,
उशी व्हायचं की गादी, अजून ठरलेलं नाही.

वहीत लिहिते : अंशतः ढगाळ. किमान बावीस.
सकाळी वारा मतलई, दुपारनंतर खारा.
खाली उतारावर पोदेराचा भोंपू वाजतो,
टोपलीवरच्या निळ्या प्लास्टिकला आतून घाम आलाय.
तोही ढगच,
फक्त त्याची नोंद नसते.

सात वाजता फोन. आगरवाड्याहून पुतू बागकर.
माझा नंबर त्याला कुणी दिला कोण जाणे.
हा चौथा हिवाळा, बातम्यांवर त्याचा भरवसा नाही,
थेट मलाच विचारतो :
"बाई, पडटलो काय ना?"
त्याच्या कोंडीत मिठाची पहिली साय धरलीय,
बोट लावलं तर मोडेल इतकी.
पाच मिनिटांची सर आली
तर पंधरा दिवसांचं ऊन पुन्हा पाण्यात.

मी म्हणते, शक्यता आहे.
तो जरा थांबतो.
मानशीच्या फळ्यांवर पाणी आपटताना ऐकू येतं.
"शक्यतेक रूच ना, बाई."

पुतू, वाफ एकटी ढग होत नाही.
ती वर जाते, पसरते, गारठते,
दवबिंदूच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते
आणि तरी आत यायला संकोचते.
धरायला काहीतरी लागतं तिला :
लाल मातीचा कण, ट्रकनं उडवलेला,
काजूच्या बागेत पेटवलेल्या पाल्याची काजळी,
आणि सगळ्यात आवडतं ते मीठ.
किनाऱ्यावर फेसाचा बुडबुडा फुटतो,
एक खारा कण वाऱ्याच्या खांद्यावर बसतो,
आणि तुझ्या घरी आषाढात
बरणीतल्या मिठाला सुटतं तसं
तिथे वर, हजार मीटरवर,
त्याला पाणी सुटतं.

हे मी फोनवर बोलले नाही.
ज्या ढगाला तो सकाळपासून शिव्या घालतोय
त्याच्या पोटात मीठच आहे, हे कसं सांगायचं?
कदाचित कालच संध्याकाळी
त्याच्याच फावड्याच्या टोकावरून उडालेलं.

दुपारी आठांपैकी सहा.
मांडवीचा रंग जस्ताच्या पत्र्यासारखा.
माझ्या पर्जन्यमापकात काही नाही, तळ नुसता ओलसर,
मोजपट्टीच्या पहिल्या रेघेलाही न पोचणारा.
अशा पावसासाठी आमच्याकडे शब्द आहे, लेशमात्र.
आकडा नाही.

चार वाजता पुन्हा फोन.
"सात," पुतू म्हणाला.
सात काय?
"थेंबे. कोंडीच्या काठार बसून मेजले.
सायीक सात बुराक."
आणि हसला, का खोकला, कळलं नाही.
मी विचारलं, मग आता?
"आतां कितें? फाल्यां वोत पडलें जाल्यार भरतलीं.
पडटलें मगो?"

पलीकडे मिठागरावर वारा फिरला असावा,
फोनमध्ये खरखर वाढली.
मी खिडकीतून बघितलं.
सहाचे पाच झाले होते, किंवा मला तसं वाटलं.
उद्याच्या रकान्यात पुन्हा तेच लिहिलं,
अंशतः ढगाळ,
आणि मलमलीच्या वाटीत
उद्यासाठी पाणी भरून ठेवलं.