चालु

धोंड्याचा महिना लागला आणि लग्नं थांबली.
माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत
कुणाच्या तरी अक्षता अजून होत्या,
वाळून खड्यासारख्या झालेल्या.
पद्मजाच्या पेटीतल्या नवरीच्या पिना
कुणाच्याच केसांत नव्हत्या.
ती म्हणाली, आता तरी आपलं काही करू की बे.

आपलं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.
सहा वर्षं ती नवऱ्या नटवते, मी टिपतो,
आणि शेवटच्या पंगतीत शेजारी बसून
आम्ही दोघं कुरकुरतो
त्या जांभळ्या पडद्यावर, त्या ड्रोनवर,
प्रत्येक फोटोत घुसणाऱ्या त्या एका मामावर.

रविवारी ती अक्कलकोट रोडवरून गठ्ठा घेऊन आली.
टॉवेल, चादरी, सगळा सेकंड माल.
कुठे धागा सुटलेला, कुठे रंगाची गल्लत,
एका चादरीवरच्या मोराला मानच विणलेली नव्हती.
किलोवर घेतला, म्हणाली,
जणू सोनं घेतलंय.

विडी घरकुलात तिची आत्या, नरसम्मा.
दारात बसलेली, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, कात्री, दोरा.
पद्मजानं टॉवेलाच्या निऱ्या केल्या,
दुसऱ्याची उभी कॉलर,
आणि तो बिनमानेचा मोर
बरोबर आत्याच्या गळ्याखाली आणून ठेवला.
मी म्हटलं, दोष मागे घे, पाठीवर जाऊ दे.
ती म्हणाली, मग नवा टॉवेल नसता आणला?
मी म्हटलं, फोटो मी काढतोय.
ती काही बोलली नाही,
तोंडात चार टाचण्या होत्या.

तौफिकनं थर्माकोल धरला, उन्हाला परतवायला.
मंडपवाल्याकडचा जुना.
त्याच्या पाठीवर चमकीत अजून
चि. सौ. कां. एवढंच शिल्लक,
पुढचं नाव गळून गेलेलं.

नरसम्मा उभी राहिली. फोटोला राहतात तशी,
हात बाजूला, श्वास रोखून.
मी चाळीस फोटो काढले. चाळीसही मेलेले.
मग ती म्हणाली, चालु.

मी बार्शीचा.
मला वाटलं, म्हणतेय सुरू कर.
मी सुरू केलं.

ती खाली बसली, मी सुरू.
तिनं सूप ओढलं, मी सुरू.
पान कापलं, तंबाखू भरली, वळलं,
नखानं टोक आत दाबलं,
मोराची नसलेली मान तिच्या हनुवटीखाली हलत राहिली,
पाठीवरच्या टाचण्या उन्हात एकेक लुकलुकल्या,
आणि ती, पुन्हा, वैतागून,
चालु रा!
मी म्हटलं, हो आत्या, चालूच आहे.

पद्मजा उंबऱ्यावर बसून
पोट धरून हसत होती.
मला वाटलं, माझ्या गुडघ्याला शेण लागलंय.
शेवटी तौफिकनंच सांगितलं,
भाई, तेलुगूत चालु म्हणजे बास.

एकवीस फोटो. सगळे बासनंतरचे.
संध्याकाळी आम्ही ते छोट्या पडद्यावर पाहिले,
डोक्याला डोकं लावून, कडक भाकरी मोडत.
कुणी काढले हे, मी की पद्मजानं,
की सुपाची घाई असलेल्या त्या बाईनं,
यावर आम्ही भांडलो नाही.
भांडण दुसरीकडूनच आलं.

कारण नरसम्मानं विचारलं, याचं किती मिळतं तुम्हाला?
पद्मजा म्हणाली, काही नाही आत्या,
आमच्या हौसेसाठी.
नरसम्मानं बोटांवर हिशेब केला.
तीन तास. म्हणजे तीनशे विड्या.
तुमची हौस,
माझ्या तीनशे विड्या.

आम्ही खिसे झाडले.
तौफिकनं पेट्रोलचे काढून दिले.
तिनं नोटा मोजल्या, एकदा, परत एकदा,
कमरेच्या चंचीत घातल्या,
आणि अंगावरच्या टाचण्या स्वतःच काढून
पद्मजाच्या तळहातावर ठेवल्या,
अठरा होत्या, अठराही परत.

टॉवेल मात्र दिला नाही.
पुसायला होईल, म्हणाली.
मोराकडे बोट करून मग विचारलं,
याचा दुसरा आहे का,
मान असलेला?