क्षितिज सरळ ठेव

सर एवढंच म्हणतात, अधूनमधून,
आवाज न चढवता:
"क्षितिज सरळ ठेव."

मी कॅमेरा धरलाय. बाकी काही नाही.
बोटाएवढा जाड दांडा, टोकाला तिरका डोळा,
बेंबीच्या जरा वरून आत गेलेला.
भिंतीला खिडकी नाही, पलीकडे मिऱ्याचा समुद्र आहे
हे फक्त माहीत असतं.

टेबल डोक्याकडे उतरतं केलं
तशी आतडी आपसूक छातीकडे सरकली,
ओहोटीला खाडीचा चिखल मोकळा व्हावा
तसा ओटीपोटाचा तळ उघडा पडला.

द्रौपदी चोगले, हर्णै.
वय अठ्ठावन्न, तिच्या हिशेबानं.
पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर
दिवाळीत एक डाग दिसला.
सांगितला शिमग्यानंतर.
मधे सुकटीचा हंगाम होता.

सहीच्या वेळी मी केसपेपरमागे पोट काढून
चार ठिपके दाखवले.
तिनं ते दोनदा मोजले.
"चार भोकांतून काय दिसनार तुमाला?
कालवाचं तोंड उघडायचं तर कोयती लागते."
मग थोड्या वेळानं,
"शेजारनी म्हनतील, आपरेशन झालंच नाय."

माझे बाबा तांडेल होते.
अनोळखी पाण्यात शिरताना
शिसं बांधलेली दोरी सोडायचे,
वर ओढल्यावर शिशाच्या बुडाला चिकटलेलं
बोटावर घेऊन बघायचे:
रेती, चिखल, शिंपल्यांचा चुरा.
आम्ही आत पाणी सोडतो,
हलवतो, परत ओढून बाटलीत भरतो.
बाटलीवर तिचं नाव लिहितो.
पुस्तकात याला स्टेजिंग म्हणतात.
बाबा म्हणाले असते,
आजार किती पाण्यात आहे ते बघताय.

"लाईट बदल," सर म्हणाले,
आणि पडदा काळा झाला.

सुरुवातीला गर्भाशयाच्या तोंडाशी
दोन सुयांनी दिलेलं हिरवं औषध
आता त्या काळ्यात चालत होतं,
एक बारीक रेघ, शिरेच्या कडेकडेनं,
कुठे घाई नाही,
आणि एका गाठीपाशी येऊन थांबली.
गाठ उजळली.

थंडीच्या रात्री होडीमागे
पाणी असंच पेटायचं.
मी हात घालायला जायचो, बाबा मनगट धरायचे:
नुसतं बघ, कुठे जातंय.

तेवढी गाठ काढली. दुसऱ्या बाजूची एक.
पूर्वी या जागेतल्या सगळ्याच काढायचे,
पाय सुजायचे बायकांचे,
सर हे सांगत होते आणि हात थांबत नव्हते,
आणि मला माझ्या मनगटाची आठवण झाली,
कारण पडद्यावर सगळं डावीकडे कललं होतं.
"क्षितिज."
हो सर.
वाकडं होतं ते क्षितिज नसतं,
हे मला लहानपणी उलटी करता करता कळलेलं.

पिशवी खालच्या वाटेनं बाहेर काढली.
त्याच वाटेनं तीन पोरं आली होती,
एक राहिलं नाही.
फॉर्मवर रकाना आहे त्याला, आकड्यांचा.

संध्याकाळी ती जागी होती.
"पोट कापलंत नि दुकतो खांदा?"
सांगितलं, पोटात गॅस भरला होता,
त्याचा ताण वर पडद्याला लागतो,
दोन दिवसांत जाईल.
"पाटी तर डोक्यावर घेतली जल्मभर," ती म्हणाली,
"खांद्याचा काय संबंध."

चादर वर करून पट्ट्या पाहिल्या.
"एवढंच?"
गिऱ्हाइकानं भाव पाडावा तशा आवाजात.
"मग कळलं का, कुठवर गेलंय ते?"
डोळ्यांना तरी काही दिसलं नाही, म्हटलं,
पण गाठी तपासायला गेल्यात.
दहा दिवस लागतील.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं,
ओठ हलत होते.
"म्हंजे अवसेचं उधान उतरल्यावर."

मी बाहेर येऊन कॅलेंडर बघितलं.
बरोबर होतं.