पायरी

चर्चच्या पायऱ्या नव्या करायला घेतल्या
तेव्हा सगळ्यात खालची उलटली,
आणि पेठ नाक्यावरून आणलेला मजूर
पहार टाकून मागे सरला.
चपला काढल्या त्यानं.
आम्हाला कळायच्या आधी त्याला कळलं.

खालच्या अंगाला वाघ.
वर चांद, सूर्य,
शेपटीशी वेटोळं घालून नाग,
खाचेत शेंदराचा वाळका कण.
उपडा पडला म्हणूनच इतका शाबूत.
चार पिढ्या आम्ही त्याच्या पाठीवर
चिखल पुसून आत गेलो,
आत जाऊन गुडघे टेकले.

मी सायलस रणभिसे, राहणार शरणपूर,
मंडळीचा चिटणीस. नोंदी सांभाळणं माझं काम.
कसरीनं कुरतडलेलं रजिस्टर काढलं.
साहेबाचं अक्षर तिरकं, देखणं:
बोरओहळ, एकोणीस एकर, पडीक,
वहिवाट कोणाची नाही.
दोन ओळी सोडून, त्याच शाईत:
एक सपाट शिळा मिळाली, गाडीभाडं दीड रुपया.

सावळघाट चढून आलेल्या बैलांना
काय ओढतोय ते ठाऊक असेल का?

तुळसाबाई भुसारे एसटीनं आल्या,
दगडापाशी बसल्या, बराच वेळ बोटं फिरवत.
मी नोंद वाचून दाखवली.
पडीक या शब्दाशी थांबवलं त्यांनी.
पहिल्या सालाला नागली, म्हणाल्या, दुसऱ्याला वरई,
तिसऱ्याला खुरासणी. मग ती निजते.
निजलेल्या बाईच्या अंगावरचं
कोणी काढून नेतं का, बाबा?

त्यांची बोली मला निम्मीच येते.
हे मात्र सगळं कळलं.

माफीच्या कागदावर तीन बैठका झाल्या.
चूक लिहायचं की पाप.
झाली, की केली.
आपली भाषा मोठी सोयीची:
झाली म्हटलं की करणारा गायब.
आमोसगुरुजी म्हणाले, साहेब गेले, आपण कशाला?
आणि खरं सांगतो, माझाही हात अडखळला.
माझ्या पणज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते.
त्याला पहिलं पाणी, पहिली पाटी
याच साहेबानं दिली.
त्या पाटीचं भाडं
एकोणीस एकर होतं,
दुसऱ्याच कुणाचे.
मी केली असं लिहिलं. कर्ता: आम्ही.

रविवारी नाबोथाचा पाठ वाचला.
नाशकात द्राक्षमळा म्हणजे काय
हे कुणाला समजवावं लागत नाही.
एकराचा भाव मनात मोजत
मंडळी खाली बघत होती,
आणि प्याल्यातला द्राक्षरस त्या दिवशी
घशाशी थोडा अडला.

वाघबारशीला टेम्पोतून देव परत नेला.
पोरं वाघ झाली, अस्वल झाली, एक नुसतंच ओरडत पळालं.
बाईंनी शेंदूर लावला.
रेव्हरंडांनी कागद वाचला, आवाज कापत होता,
निम्मे शब्द वाऱ्यानं नेले.
तुळसाबाईंनी ऐकून घेतलं.
मग माझ्याकडे वळून अगदी साधं विचारलं:
देव आला. आता त्याची जागा?

खिशात सातबारा होता,
मालकाच्या रकान्यात आमचा ट्रस्ट.
अर्ज केलाय, म्हणालो, धर्मादाय आयुक्तांकडे.
तारीख पडलीय.
त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
मूठभर वरई माझ्या ओंजळीत ओतली.
उसनी, म्हणाल्या.

चर्चला खालची पायरी अजून नाही.
उंची जास्त पडते, म्हातारी माणसं अडखळतात,
कुरकुरतात.
नवी फरशी बसवायचा ठराव पास झालाय.
इतिवृत्त मीच लिहितो.
अजून लिहिलेलं नाही.