सापडलेली वस्तू

मिरकरवाड्याच्या बंद बर्फ कारखान्यात
आता गेंडा उभा आहे.
अंगावर ट्रॉलरच्या फाटक्या जाळ्याची कातडी,
बरगड्या मोडीत काढलेल्या होडीच्या,
पाय डिझेलच्या पिंपांचे.
बाजूला हत्ती, पाकट, आणि आणखी एक कोणतं तरी
ज्याचं नाव शलाकाबाईंनाही ठाऊक नाही.
पाटीवर लिहिलंय, 'अनोळखी चतुष्पाद'.

मी राखणदार. दत्ताराम डोर्लेकर.
दहा ते सात, सोमवारी बंद.
काम एवढंच, हात लावू नका म्हणायचं.
बावीस वर्षं मी इथं हातच लावत होतो
दीडशे किलोच्या लादीला.
आकडा मारायचा, ओढायची, उताराला सोडायची,
क्रशरच्या तोंडात ती
हाडं फुटावीत तशी फुटायची
आणि बाहेर टोपल्यांतले बांगडे वाट बघत असायचे.

शाळेची पोरं येतात. बाई सांगतात,
हजारो वर्षांपूर्वी आपल्या सड्यांवर
माणसांनी जांभ्यात अशी जनावरं कोरली,
गेंडासुद्धा, पोरांनो, गेंडासुद्धा.
पोरं भिंतीवरच्या फोटोंकडे बघतात.
मला बघायला नको.
मामाच्या वाडीवरचा सडा तो, गुरं तिथंच न्यायचो.
हत्तीच्या पोटात पाणी साचायचं,
त्यात पाय सोडून भाकरी खायची.
मामा म्हणायचा, पांडवांनी एका रात्रीत काढलंन हे,
कोंबडा आरवला म्हणून शेपूट राहिली.
हे मी कोणाला सांगत नाही.
पाटीवर तसं नाहीये.

एक पोरगा मागं राहिला. हा काय खायचा?
म्हटलं, गवत.
मग मेला कशानं?
म्हटलं, बाई पुढं गेल्या बघ.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी वीज गेली.
वरचे दिवे विझले, दारातून बंदराचा उजेड
आडवा आत आला
आणि शिंग चमकलं.
शिंग कसलं, आकडा.
बाभळीची मूठ नाकाडात रुतवलेली,
मुठीला तांब्याची तार,
तिसऱ्या वेढ्याशी खाच.
इम्तियाजचं बोट गेलं त्या दिवशी
पात्यावर आपटून पडलेली.
माझा आकडा.

वीज आल्यावर पाटी वाचली :
'शिंग. सापडलेली वस्तू.'

सापडलेली?
मी हरवली कधी होती?
शेवटच्या पाळीला खुंटीवर टांगून गेलो,
उद्या यायचंच आहे म्हणून.

संध्याकाळी शलाकाबाई आल्या. चांगली मुलगी आहे,
माझ्यासाठी चहा आणते, बशीसकट.
विचारलं, काका, कसं वाटतं तुम्हाला?
म्हटलं, शिंग उलटं बसलंय.
टोक खाली हवं, नाहीतर पकड येत नाही.
त्या हसल्या. गेंड्याचं वर असतं, काका.
बरोबर आहे.
गेंड्याचं वर असतं.

सोमवारी बंद. मी येतो.
जाळ्यावरची धूळ झटकतो, पिंपांखाली बघतो,
नळ्यांमधून अजून अमोनियाचा वास येतो
की माझ्याच नाकात राहिलाय, कळत नाही.
मग मूठ धरतो.
बोटं आपापल्या जागी जाऊन बसतात.
ओढत नाही.
दीडशे किलोच्या वरच भरेल तो,
आणि उतार तर त्यांनी
सिमेंट ओतून सपाट केलाय,
माणसं घसरू नयेत म्हणून.