ऐकू आलं का?

एकतीस वर्षं हा एकच प्रश्न विचारत आलो
सिव्हिलच्या मेडिसिन वॉर्डात, खाटांच्या कडेनं,
आणि एकतीस वर्षं एकच उत्तर मिळालं:
हो, सर.

मीही हेच म्हणालो होतो, तिसऱ्या वर्षाला.
हिप्परगी सरांनी स्टेथो माझ्या कानाला लावून दिला,
मी मान डोलावली.
आत माझ्याच भीतीची लबडब तेवढी.

आता आवाज तळमजल्यावर मिळतात.
स्किल लॅबमधल्या रबरी माणसाचं
चार नंबरचं बटण दाबलं की झडप गळते,
हवी तितकी मोठ्यानं.
तीन दिवसांच्या कार्यशाळेत उप्पीट-चहा देऊन
आम्हाला सांगितलं: यापुढे तुम्ही व्याख्याते नाही, सुलभक.
शब्द आवडला नाही. अजूनही आवडत नाही.

पण काल मल्लेशम गाजूल आले. वय अडुसष्ट,
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागांवर, कान गेलेले.
पुढे वाका, श्वास सोडा, थांबा,
हे त्यांना हातांनीच सांगावं लागतं.
छातीच्या हाडालगत, डावीकडे, मी स्टेथो टेकवला.
काही नाही.
पुन्हा.
काही नाही.
माझं बालपण साखर पेठेतलं, भिंतीपलीकडे चोवीस माग.
तेव्हाची उधारी त्यांनी आता वसूल केली.
बारीक आवाज आधी जातात.

तहसीन बागवान, शेवटच्या वर्षाची,
डोळे मिटून ऐकत राहिली.
दोन बहिरे पुरुष आणि मध्ये ही पोर.
“दुसऱ्या ठोक्यानंतर, सर... कुणी फुंकर घालतंय. लगेच विरतेय.”
मग जरा घाबरत,
“तुम्हाला आलं ना, सर?”

मान डोलावणं किती सोपं होतं.

नाही आलं, म्हणालो.

कुठेतरी स्टीलचा डबा पडला.
मग दाराजवळून गुंडाप्पा: “सर, मलापण नाही.”
मग अजून एक. मग चौघं,
लॉगबुकात ज्यांच्या नावापुढे
‘येतं’ म्हणून माझीच सही आहे.

मल्लेशमना सहा बोटं दाखवली.
ते हसले, पुन्हा वाकले,
तुटलेलं सूत जोडायला वाकावं तसे.
तहसीनला म्हटलं, तू दाखव कुठे टेकवायचा,
आणि पंखा बंद करायला लावला.
मे महिना, त्रेचाळीस अंश.
पाती थांबेपर्यंत
सगळेच थांबलो.