अर्धा तास काही खायचं नाही

अर्धा तास काही खायचं नाही, जामसिंग म्हणाला,
पाणीसुद्धा नाही. मग थुंका या नळीत, रेघेपर्यंत.
मी म्हटलं, नंदुरबारात, पथारीवर राहणाऱ्याला हे सांगतोस?
इथे मिरची खावी लागत नाही,
श्वास घेतला की पोचते.

माझी नळी भरली पटकन.
अब्बांची भरेना.
चाळीस वर्षं देठ खुडलेल्या माणसाच्या तोंडात
थुंकी तरी किती उरणार.
शेवटी शेजारच्या सुपडाबाईनं चिंचेचं बोटूक आणलं
आणि नुसतं धरलं त्यांच्या डोळ्यांपुढे.
असं आमचं कूळ रेघेपर्यंत आलं,
आणि खोक्यात बसून हैदराबादला गेलं.

स्टँडवर मला विचारतात, कथाईन उनी व माय?
मिरची मार्केटच्या मागून, मी सांगते.
तसं नाही, मूळची?
मूळची, असं माझ्या केसांकडे बघत.
एकदा एका कंडक्टरनं माझ्याशी इंग्रजी सुरू केलं.
मी अहिराणीत सुट्टे मागितले,
तर तिकीट फाडायचं विसरला.

चैत्रात कागद आले.
विभावरी म्हणून पोरगेली बाई, खाटेवर मांडून बसली.
बापाकडची रेघ समुद्रापार, आफ्रिकेचा पूर्व किनारा.
मिसळण साधारण आठ पिढ्यांमागची.
रक्ताला म्हणजे हिशेब येतो.
पण गलबत कुठलं ते नाही आठवत त्याला,
किती रुपयांना ते नाही,
बंदरावर जबडा उघडून दात कुणी मोजले
ते तर नाहीच.

अब्बांनी एकच विचारलं,
त्याचं नाव आहे का यात?
नाव रक्तात नसतं बाबा, ती म्हणाली.
अब्बा म्हणाले, मग उतरवून घेतलं असेल कुणी.
यावर तिनं काही लिहिलं नाही.

आणि आईकडची?
आईकडची रेघ कुठे गेलीच नव्हती.
इथेच, सातपुड्यात, मोजता येणार नाहीत इतकी वर्षं.
जामसिंगनं गंमत म्हणून स्वतःचीही नळी भरली होती,
त्याची नि माझी रेघ एकच निघाली.
तो धडगावचा पावरा.
मला ताई म्हणावं की जुन्यासारखं हूरबानू,
या विचारात त्याचा चहा गार झाला.

कुणी डोंगरातली बाई असेल.
विकत आणलेल्या माणसाला
तिनं भाकर दिली, मग मन दिलं,
की तिलाही कुणी देऊन टाकलं होतं,
कागदावर तो रकाना नाही.
मी उलटून पाहिला. मागे कोरा.

दुसरा चहा टाकायला अब्बा स्वतः उठले.
पणजोबा तापीच्या लाइनीवर खडी फोडायला आले
राजपिपळ्याकडून,
तेव्हापासून चूल आमच्यात पुरुषच पेटवतात.
का, ते कुणी विचारलेलं नाही.
वाकून फुंकलं, धूर, पुन्हा फुंकलं,
जाळ धरला तसे म्हणाले, मोटो.

रोज म्हणतात.
आम्हाला वाटायचं गुजराती, मोठा झाला, जाळ मोठा झाला.
जाळ बोटभर असला तरी म्हणतात
हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आलं,
बाईचं पेन थांबलं तेव्हा.

काय म्हणालात बाबा?
मोटो.
म्हणजे?
म्हणजे काय, पेटलं की म्हणायचं. माझा बाप म्हणायचा.

तिनं हळू आवाजात सांगितलं,
त्या किनाऱ्यावर आजही
आगीला मोटो म्हणतात.

सुपडाबाई दारात मिरचीचं सूप घेऊन उभी होती, तशीच राहिली.
अब्बांनी धुरानं आलेलं पाणी बाहीला पुसलं,
धुरानंच असेल.
म्हणाले, मग थुंकी उगाच घेतली तुम्ही.

आणि एक काडी आत सारली.